कुत्रा तुमचा, मग पट्टाही तुमच्याच हातात हवा : नवी मुंबईच्या आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त साहेब,

मागणी आधीच सांगतो. पाळीव कुत्रा घराबाहेर निघाला की पट्ट्यातच पाहिजे, आणि मोकळा दिसला तर मालकाला जागेवर दंड. भटक्या कुत्र्यांचा विषय वेगळा, तो पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय, इथे त्याची सरमिसळ नको.

गेल्या महिन्यात आमच्या नेरूळच्या सोसायटीत घरकामाच्या मावशींना पार्किंगमध्ये एका रॉटवायलरने धरलं, पोटरीचा लचकाच तोडला. मालक मागून मोबाइलवर बोलत येत होता, पट्टा होता पण कुत्र्याच्या गळ्यात नाही, ह्याच्या खांद्यावर. "तो काही करत नाही हो, तुम्ही घाबरलात म्हणून अंगावर आला," हे त्याचं पहिलं वाक्य. वॉचमनने पाय नळाखाली धरून साबणाने चांगला धुतला म्हणून बरं, १५ मिनिटं धुवायचं असतं हे कितीतरी लोकांना माहीतच नाही. मग जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजपासून लगेच संरक्षण देणारं इंजेक्शन, मग लशीचे डोस, शेवटचा थेट २८ व्या दिवशी. मावशी चार घरची कामं करतात, उभंच राहता येईना, खाडे पडले, दोन घरांनी दुसरी बाई बघितली पण. मालकाने ५०० ची नोट पुढे केली आणि सेक्रेटरी म्हणाले आपसात मिटवा. मला अजून त्याचा संताप येतो.

कायदा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण वरळीला लिफ्टमध्ये पाळीव कुत्रा चावल्याची २०१८ ची केस, तिचा निकाल लागला २०२५ मध्ये, मालकाला ४ महिन्यांची शिक्षा झाली हे खरं, पण रोज चार घरी भांडी घासणारी बाई सात वर्षं कोर्टाच्या तारखा कशी करणार? सोसायटीने कुत्रे पाळायला बंदी घालावी तर प्राणी कल्याण मंडळाच्या गाइडलाइन्सप्रमाणे तसा ठराव चालत नाही, आणि चालूही नये, माझ्या घरीच लॅब्रॅडॉर आहे, तिच्याशिवाय आम्हाला करमत नाही. म्हणूनच म्हणतो, हे काम महापालिकेनेच करायला हवं.

पाळीव कुत्र्याचं महापालिकेचं लायसन्स रिन्यू करताना रेबीजच्या लशीचं सर्टिफिकेट बघितल्याशिवाय करू नका. लायसन्सचा नंबर कुत्र्याच्या पट्ट्यावर बिल्ला म्हणून दिसू दे, म्हणजे तक्रार करताना "तो काळा मोठा कुत्रा" एवढंच सांगावं लागणार नाही. सकाळी सहा ते आठ ज्वेल ऑफ नवी मुंबई पार्कला आणि सेक्टरमधल्या गार्डनबाहेर दोन-दोन माणसं पावतीपुस्तक घेऊन उभी करा. आणि कुत्रा चावला तर औषधाचा खर्च आणि बुडालेला पगार मालकाने भरल्याशिवाय त्याचं लायसन्स पुढे चालू ठेवू नका, नियमात बसत नसेल तर बसवा, तसा प्रस्ताव आणा, आम्ही सह्या गोळा करून देतो.

आपला,
नेरूळचा एक रहिवासी