स्क्वॉडमधला तो मुलगा

मिरज

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे काढलं असतं तर "आई, नंतर बोलू" म्हणून तू ठेवून दिला असतास. म्हणून लिहिते आहे. सवडीने वाच, पण शेवटपर्यंत वाच.

तुमच्या बीजीएमआय या मोबाइल गेमच्या ग्रुपमधल्या तासगावच्या मुलाची आई परवा शिक्षण परिषदेत भेटली. तिचा मुलगा आता तुमच्यात खेळत नाही. मॅच लागायच्या आधी लॉबीत तू रोज निवडणुकीचा विषय काढतोस. तो एकदा "भावा, आधी खेळूया" म्हणाला, तर तू सगळ्यांदेखत त्याची अक्कल काढलीस. बाकीचे हसले. त्याने माइक बंद केला आणि निघून गेला. हे ऐकताना मान खाली गेली रे माझी.

दिवाळीत मी तुझ्या शेजारी फराळाचं ताट घेऊन बसले होते, आठवतं? तू एका भिंतीआड नॉक होऊन पडला होतास. बाकीचे दोघं पुढे पळाले आणि हाच मुलगा धुरातून सरपटत मागे आला, तुला रिव्हाइव्ह दिला. "जीव वाचवलास भावा," असं तू ओरडलास. मला त्या खेळातलं फारसं कळत नाही, पण त्या पोराचं मागे येणं कळलं.

तुझ्या मतांबद्दल माझी तक्रार नाही. या वयात तुला काही मतच नसतं, तर मला जास्त काळजी वाटली असती. लोकांना पटवावंसं वाटणं हेही चांगलंच आहे. माझं म्हणणं तू ते कुठे आणि कसं करतोस, एवढ्यापुरतं आहे.

मागे तू मला नेपाळचं उदाहरण दिलं होतंस. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या तरुणांनी डिस्कॉर्डवर, म्हणजे मुळात गेम खेळणाऱ्यांसाठी निघालेल्या ॲपवर, चर्चा करून, मतं घेऊन सुशीला कार्कींचं नाव पुढे केलं, आणि १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश असलेल्या त्या बाई हंगामी पंतप्रधान झाल्या. मीही वाचलं ते, भारावूनही गेले. पण तो सर्व्हर, म्हणजे डिस्कॉर्डवरचा तो ग्रुप, भ्रष्टाचाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणांचा होता, आणि त्याच्या नावातच ते लिहिलं होतं. आत येणारा प्रत्येक जण कशासाठी आलोय हे जाणून येत होता. तुझ्या ग्रुपमधली चाळीस पोरं दिवसभराचं कॉलेज, दुकान, शेतातली कामं उरकून तासभर खेळायला येतात. त्या तासावर तुझा एकट्याचा हक्क नाही.

लॉकडाऊनमध्ये तू नववीत होतास. तूच मला आणि बाबांना 'अमंग अस' शिकवलंस. त्यातला इम्पोस्टर सगळ्यांसारखाच फिरतो, काम करत असल्याचं दाखवतो, पण त्याच्या मनात वेगळंच असतं. त्याच खेळाला २० ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतल्या खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ बसल्या होत्या, मतदानाला दोनच आठवडे उरले असताना. एका वेळी चार लाखांहून जास्त लोक बघत होते. मतदानाला लोकांना उभं करायचं म्हणून खेळतेय, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. ज्याला बघायचं त्याने बघितलं. तू मात्र "एक मॅच टाकूया का" म्हणून बोलावतोस आणि बोलतोस भलतंच. पोरांना हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळतं. मग ती तुझ्या मॅचच्या बोलावण्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

मी बीएलओ म्हणून, म्हणजे मतदारयादीच्या कामासाठी, घरोघर फिरते. कोणत्याही पक्षाबद्दल मला चकार शब्द काढता येत नाही, आणि तोंड बंद ठेवल्यामुळेच मी खूप ऐकलंय. गेल्या खेपेला एक आजोबा म्हणाले, "नाव काढून टाका बाई, मत देऊन काय होतंय?" मी ओट्यावर टेकले आणि विचारलं, असं कधीपासून वाटायला लागलं? मग गल्लीत न येणारं पाणी निघालं, अर्ज निघाले, आजारपणात गेलेली बायको निघाली. वीसेक मिनिटं ते बोलत होते, हातात तंबाखूची चंची तशीच होती, उघडायचं विसरले. मी उठले तेव्हा त्यांनीच विचारलं, "सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे, ते इकडे आणायला काय लागतं?" मी आठ नंबरचा फॉर्म काढून दिला. स्वतःचं नाव काढायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. अमेरिकेत मायामीला दारोदार जाऊन, समोरच्याला त्याचे स्वतःचे अनुभव आठवायला लावत दहाएक मिनिटं नुसतं बोललं, तर ट्रान्सजेंडर लोकांबद्दलची मनातली अढी कमी होते आणि ते तीन महिन्यांनंतरही टिकून राहतं, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. एकाने एकाशी केलेलं बोलणं होतं ते. चाळीस जण ऐकत असताना कोण मागे हटतो? तू तरी हटशील का?

म्हणून सांगते, डिस्कॉर्डवर राजकारणासाठी वेगळा चॅनेल कर, नाव सरळ लिही. ज्याला यायचं तो येईल. लॉबीत फक्त खेळा. आणि तासगावच्या मुलाची माफी ग्रुपवरच माग. अपमान चारचौघांत केलास, तर माफी खाजगीत चालणार नाही. त्यानंतर त्याला फोन कर, पण निवडणुकीचा विषय तू काढू नकोस. त्याच्या वडिलांची द्राक्षबाग यंदा पावसाने गेली, हे तुला माहीत तरी आहे का? ते विचार.

त्याची आई सांगत होती, अजूनही रात्री दहा वाजले की तो फोन घेऊन अंगणातल्या बाजेवर बसतो. तुम्ही ऑनलाइन आलात का ते बघतो, आणि फोन उशाला ठेवून झोपून जातो.

तुझी,
आई