चषक तळाने जिंकला की संघाने?

महोदय,

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की जर्मनीच्या ‘कॅम्पो बाहिया’चा दाखला हमखास दिला जातो. २०१४ च्या स्पर्धेसाठी ब्राझीलच्या बाहिया राज्यात, सांतो आंद्रे या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात जर्मन गुंतवणूकदारांच्या पैशातून संघाच्या मुक्कामाचा आणि सरावाचा हा तळ उभा राहिला. तिथे पोहोचायला नदी फेरीबोटीने ओलांडावी लागे. साखळी सामने साल्वादोर, फोर्तालेझा आणि रेसिफेच्या दमट उकाड्यात. तेव्हा सरावही तशाच हवेत, हा हिशेब पक्का होता. मला मात्र घरांची वाटणी जास्त हुशारीची वाटते. बायर्न आणि डॉर्टमुंडचे, म्हणजे एरवी एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या क्लबांचे खेळाडू मुद्दाम एका छताखाली ठेवले होते. पुढे ब्राझीलचा ७-१ असा धुव्वा उडाला, चषक आला आणि तळाची आख्यायिका झाली.

२०१८ मध्ये मॉस्कोजवळच्या वातुतिंकीत मुक्काम असताना गतविजेते साखळीतच गारद झाले, तेव्हा त्या जागेलाही बोल लावले गेले. २०१४ च्या विजेत्या संघातले लाम, क्लोसे आणि श्वाइनश्टायगर तोवर राष्ट्रीय संघातून निवृत्त झाले होते, याची चर्चा त्या मानाने कमीच झाली.

— एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर