सन डायरेक्ट निव्वळ स्वस्ताईवर टिकली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गच्च्यांवरच्या डिश उतरू लागल्याचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. मुद्दा खराच आहे. 2021 च्या सुमारास पैसे भरून डीटीएच (उपग्रहावरून थेट गच्चीवरच्या डिशमध्ये येणारी टीव्ही सेवा) पाहणारी जवळपास सात कोटी घरे होती, ती आता सहा कोटींच्याही खाली आली. पण चेन्नईच्या सन डायरेक्ट या डीटीएच कंपनीबद्दल ‘स्वस्त होती म्हणून चालली’ एवढे म्हणून लेखक पुढे गेले, तिथे मी अडलो. नोकरीनिमित्त 2006 ते 2012 मी कोइमतूरला होतो (इचलकरंजीच्या माणसाला ते गाव परके नाही, इथल्या मागांवरचे कितीतरी सूत तिकडचेच), त्यामुळे ही कंपनी रांगायला लागल्यापासून पाहिली आहे.

स्वस्त तर ती होतीच. पण तमिळनाडूत त्या आधी काय घडले होते ते पाहा. 2006 च्या निवडणुकीत द्रमुकने घरटी रंगीत टीव्ही फुकट देण्याचे वचन दिले आणि निवडून आल्यावर वाटपही सुरू केले. आमच्या ड्रायव्हरच्या दोन खोल्यांच्या घरात फ्रिज नव्हता, पण सरकारी टीव्ही आला. टीव्ही आला की त्यात दिसायला काहीतरी हवे! सन डायरेक्टवाल्या मारन घराण्याचाच सन टीव्ही 1993 पासून घराघरांत मुरलेला, सुमंगली ही केबल कंपनीही त्यांचीच. मग 2007 मध्ये मारन बंधू आणि द्रमुकचे मुख्यमंत्री करुणानिधी यांचे बिनसले आणि सरकारने अरसू केबल ही स्वतःचीच कंपनी काढली. पुढे ती बारगळली, ते सोडा. पण रस्त्यावरच्या तारा सरकार कधी ओढून घेईल याचा भरवसा नसताना आकाशातून थेट घरात उतरण्याची सोय मारन यांना किती मोलाची वाटली असेल, हे सांगायला नको. 2011 मध्ये जयललितांनी अरसू पुन्हा उभी केली आणि महिना 70 रुपयांत केबल दिली. स्वस्ताई हेच सन डायरेक्टचे एकमेव भांडवल असते, तर ती त्याच वर्षी आटोपली असती.

कंपनीची नोंदणी 2005 ची. पण 10 जुलै 2006 रोजी जीएसएलव्ही या रॉकेटचे उड्डाण फसले, इन्सॅट-4सी उपग्रह गेला आणि ट्रान्सपाँडरअभावी (म्हणजे उपग्रहावरून वाहिन्या खाली पाठवणाऱ्या यंत्रांअभावी) सगळे रखडले. मार्च 2007 मध्ये इन्सॅट-4बी वर गेला, तेव्हा कुठे 2008 च्या तोंडावर सेवा सुरू झाली. जागा थोडी आणि वाहिन्या फार, म्हणून त्यांनी एमपीईजी-4 हे चित्र आवळून पाठवण्याचे तंत्र देशात सर्वांत आधी आणले. त्यात तेवढ्याच ट्रान्सपाँडरमध्ये जास्त वाहिन्या बसतात. आधीच्या कंपन्या जुन्या एमपीईजी-2 वर होत्या आणि त्यांचे लाखो जुने बॉक्स लोकांच्या घरात अडकले होते. उशिरा आलेल्याला उशिराचाच फायदा झाला. मलेशियाची ॲस्ट्रो ही टीव्ही कंपनी 20 टक्क्यांची भागीदार होती. 

खरी कसोटी 7 जुलै 2010 ला लागली. इन्सॅट-4बीच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊन निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले. कंपनी मलेशियाच्या मीसॅट-3 उपग्रहावर गेली. आकाशात पहिला उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, दुसरा 91.5 वर. ऐकायला दोनच अंश, पण तेवढ्यासाठी गच्चीवर चढून छत्री फिरवावी लागते. असा घोळ झाल्यावर गिऱ्हाईक दुसरीकडे जायला हवे. पण गृहिणीच्या सगळ्या तमिळ मालिका आणि म्हाताऱ्यांचे जुने सिनेमे मूळ पॅकमध्येच देणारे दुसरे कोण होते? बाकीच्यांकडे तमिळ ही ‘रिजनल’ नावाची वेगळी फोडणी होती, वरून पैसे मोजून घ्यायची. इथे तमिळ हाच भात होता.

आता आपल्याकडे वळू. भांडवल आपल्याकडे नव्हते असे नाही. 2003 मध्ये देशातली पहिली खासगी डीटीएच सेवा, डिश टीव्ही, काढणाऱ्या झीवाल्या समूहाचे मुख्यालय मुंबईत होते आणि अल्फा मराठी (आताची झी मराठी) ही वाहिनीही त्याच समूहाची. 2009 मध्ये आलेली व्हिडिओकॉन डी2एच तर औरंगाबादच्या धूत घराण्याची. अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारापर्यंत जाऊन ती 2018 मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. दोन्ही कंपन्या पहिल्यापासून हिंदी मुलुखाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मराठी माणसाला हिंदी समजते, मग त्याला वेगळे काय द्यायचे, हा हिशेब. चुकीचा हिशेब आहे असेही म्हणवत नाही, कारण आपणही कधी कुरकुर केली नाही. आज पैसे घेणाऱ्या चार खासगी डीटीएच कंपन्या उरल्यात, त्यांत एका प्रदेशाच्या जोरावर उभी असलेली सन डायरेक्ट एकटीच आहे. 2021 मध्ये सन समूहाने सन मराठी वाहिनी आणली. बाजार त्यांना चेन्नईत बसून दिसला.

वाहिनी, केबल आणि छत्री एकाच घराण्याच्या हातात असावी, असे मला मुळीच वाटत नाही. कोइमतूरला त्याचा जाच लोकांनी भोगला. माझे म्हणणे साधे आहे. 1 फेब्रुवारी 2019 पासून हवी तीच वाहिनी निवडायचा हक्क ट्राय या सरकारी नियामकाने दिला आहे, पण तो वापरायचा कसा हे मराठीत सांगणारे कोणी नाही. माझ्या डीटीएच कंपनीच्या (नाव घेत नाही) मदत केंद्राला गेल्या महिन्यात फोन केला. मराठीसाठी कुठला आकडा दाबायचा ते शेवटपर्यंत कळले नाही आणि हिंदीत बोलल्यावर, नको असलेल्या कितीतरी वाहिन्यांचा पॅक गळ्यात मारला गेला. आपल्या लेखकांनी पुढच्या लेखात नुसत्या मराठी वाहिन्या निवडल्या तर महिन्याचे बिल किती येते, तेवढे मांडून दाखवावे. गच्चीवरची छत्री काढायची की ठेवायची, ते मग मी ठरवीन.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी