नारंगी झाकणाच्या काकांना

काका,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरां बरां, ठेव आता" म्हणून मोकळे होता. म्हणून हे उघड पत्र. शिवाय कुडाळ, रत्नागिरी, वसईकडे प्लास्टिकचं मोल्डिंग करणारे आणखी काही जण वाचतील, आणि तुम्ही मला जे फुकट दिलंत त्यातलं थोडं त्यांच्याही उपयोगी पडेल.

होड्यांवरच्या बॅटरीसाठी पेटी करायची ठरली, मोल्ड म्हणजे साचा आला, प्लास्टिकचा दाणा पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) ठरला. गणपतीला तुम्ही गावी आला होतात, तेव्हा मी रंगांचं कार्ड घेऊन आलो. ते तुम्ही उघडलंच नाहीत. पेटी केबिनमध्ये असणार की उघड्यावर, खारं पाणी किती उडणार, तिच्यावर कोण बसणार, जाळं ओढताना घासणार का, हेच विचारत राहिलात. "रंग मागसून. आधी ती खंय ऱ्हवतली तां सांग." मास्टरबॅच, म्हणजे दाण्यात मिसळायचा घट्ट रंग, विकणारा माणूस आणि पहिला अर्धा तास रंगाचं नावच नाही!

मालवणच्या गिऱ्हाइकांना पेटी काळी हवी होती. त्यांचं चुकत होतं असंही नाही. उन्हाला टिकायचं तर कार्बन ब्लॅकसारखं, म्हणजे काजळीच्या काळ्या पुडीसारखं, दुसरं काही नाही, पाण्याचे एचडीपीई पाइप २ ते ३ टक्के कार्बन ब्लॅक घालून काळे करतात ते त्यासाठीच. पण तुम्ही म्हणालात, काळी पेटी एप्रिलच्या उन्हात हात लावू देणार नाही, आणि आतल्या बॅटरीला उष्णता मानवत नाही. त्यात काळ्यावर खाऱ्या पाण्याचा प्रत्येक थेंब सुकला की पांढरा ठिपका उरतो. मग पांढरी? तिच्यावर माशाचं रक्त आणि डिझेलचे हात. म्हणून फिकट राखाडी, आरएएल या रंगांच्या यादीतल्या ७०३५ च्या आसपासची. विजेच्या पॅनेलच्या पेट्या बहुतेक याच रंगाच्या असतात, ते उगाच नाही. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य रुटाइल जातीचं हवं, अ‍ॅनाटेस उघड्यावर लवकर खडूसारखं पांढरं पडतं, आणि राखाडीला कार्बन ब्लॅकचं कवच मिळत नाही म्हणून सोबत उन्हापासून जपणारं यूव्ही स्टॅबिलायझर, हे तुम्ही मला तेव्हाच वहीत लिहून घ्यायला लावलंत.

आरएएलचं कार्ड मात्र फक्त बोलण्यापुरतं, हेही तुम्हीच सांगितलंत. १९२७ साली जर्मनीत ४० रंगांवर सुरू झालेली ही यादी मुळात रंगकामासाठी. कागदावरचा तो रंग पीपीत, आमच्या जाडीत, आमच्या टेक्स्चरवर, म्हणजे खरखरीत पृष्ठभागावर, कसा दिसेल हे कार्डाला ठाऊक नसतं. मग कोकणकन्येने येणाऱ्या भाच्याच्या पिशवीतून तुम्ही चिपा, म्हणजे रंगवलेल्या प्लास्टिकचे नमुन्याचे तुकडे, पाठवल्यात. पायऱ्यापायऱ्यांच्या, तीन जाडीच्या, अर्धी बाजू चकचकीत आणि अर्धी खरखरीत. एकाच दाण्याची, एकाच लॉटची चिप, तरी चकचकीत बाजू गडद आणि खरखरीत बाजू फिकट! ती चिप मी अजून टेबलावर ठेवतो. "रंग जुळत नाही" म्हणत कोणी आला की आधी त्याच्या हातात देतो.

झाकणाचा सल्ला तर मी जन्मभर विसरणार नाही. पेटी टेक्स्चरची, झाकण चकचकीत, म्हणजे दोन्ही एकाच राखाडीत कधीच एकसारखी दिसली नसती. झाकणाला वेगळा लॉट आला असता तर आणखी फरक. दुकानातल्या एलईडीखाली जुळलेली दोन अंगं धक्क्यावरच्या उन्हात वेगळी निघतात, हे तुम्ही लाइट बॉक्समध्ये डी६५, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा दिवा, आणि पिवळा बल्ब आलटून पालटून लावून दाखवलं होतं. मी जुळवायचं कसं ते विचारत होतो. तुम्ही म्हणालात, जुळवू नकोस. जे जुळणार नाही ते मुद्दाम वेगळं कर, मग फरक कोणी शोधतच नाही. झाकण नारंगी.

नारंगीतही तुम्ही दोनदा अडवलंत. पोरांना फ्लुओरेसंट हवा होता, लांबून पेटतो तसला. तो पहिल्याच उन्हाळ्यात उडेल, म्हणालात. लाइफ जॅकेटला नारंगी शोभते कारण हिरव्या-निळ्या पाण्यावर ती उठून दिसते, पण जॅकेट पेटीसारखं बाराही महिने उन्हात नसतं. दुसरी अडवणूक भावावरून. बाजारातली स्वस्त नारंगी बऱ्याचदा मॉलिब्डेट ऑरेंजची, म्हणजे शिशाच्या क्रोमेटची. झाकते छान, टिकतेही बरी. पण त्याच झाकणावर डबा उघडून माणसं जेवतात, आणि फुटलेलं झाकण शेवटी चुलीत किंवा समुद्रात जातं. शिसं नसलेली ऑरगॅनिक नारंगी महाग पडली. एवढ्या एकाच जागी तुम्ही मला महाग घ्यायला लावलंत.

बाकी सगळीकडे तुम्ही विकायचं टाळलंत. देवगडच्या एका मंडळींना होडीगणिक रंग हवे होते, निळी, हिरवी, पिवळी झाकणं. तुम्ही कागदावर हिशेब मांडलात. मास्टरबॅचची २५ किलोची एक गोणी, २ टक्क्यांनी घातली तर १२५० किलो दाणा रंगवते. २०० ग्रॅमच्या झाकणाला धरलं तर सहा हजारांहून जास्त झाकणं. निळ्या होड्या किती, तर चाळीसही नाहीत. उरलेली गोणी पावसाळ्यात शेडमध्ये ओल धरणार. मोतिया चमकीचा विषय तर तुम्ही एका वाक्यात संपवलात: बिजागरीच्या भोकामागे दोन प्रवाह मिळतात तिथे वेल्ड लाइन मिशीसारखी दिसेल.

तरी निळ्याचा हट्ट सुटेना, तेव्हा तुम्ही नको म्हटलं नाहीत. थोडा नमुना पाठवलात आणि सांगितलंत, "त्याच सेटिंगवर चालव, रात्रभर ठेव, सकाळी काचेवर ठेवून बघ." सकाळी नारंगी झाकण काचेवर गप्प बसलं. निळं ठेवलं, कोपऱ्यावर बोट दाबलं, तर समोरचा कोपरा टक् करून उचलला. गॅस्केटवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडेवर, बसवलं तर एका बाजूने कागद आत सरकत होता. मोल्ड तोच, दाणा तोच. थॅलोसायनिन हा निळा रंग पीपीत नुसता रंग देत नाही, दाण्याचे स्फटिक लवकर बांधायला लावतो. मग आकुंचन बदलतं आणि झाकण वाकतं. हे मी नुसतं ऐकलं असतं तर अर्धवट विश्वास ठेवला असता. होडीवर त्या फटीतून खारं पाणी बॅटरीवर गेलं असतं आणि शिव्या आमच्या मशीनला बसल्या असत्या. देवगडच्या मंडळींना मी ते दोन तुकडे आणि काच दाखवली. त्यांनी नारंगी घेतली, आणि होडीचं नाव स्क्रूने बसवायच्या पट्टीवर. पीपीवर ऑइलपेंट धरत नाही, हे त्यांना आमच्याआधी माहीत होतं!

माझा ऑपरेटर "थोडा जास्त टाकला तर गडद येईल" म्हणायचा. तुम्ही त्याला म्हणालात, हे विरजणासारखं आहे, जास्त घातलं म्हणून दही जास्त चांगलं लागत नाही. आता तो तराजूवर मोजूनच घालतो. दिवस राखाडीने सुरू होतो आणि नारंगीने संपतो, उलट कधीच नाही, नाहीतर मशीनचं बॅरल, जिथे दाणा वितळतो, ते साफ करण्यातच सकाळ जाते. रनरचा, म्हणजे साच्याच्या वाटेत उरलेल्या प्लास्टिकचा, चुरा नारंगीत दहा टक्क्यांच्या वर जात नाही, कारण दोनदा तापलेली नारंगी मळकी पडते.

सही केलेली मास्टर चिप तुम्ही सांगितल्याप्रमाणे काळ्या पिशवीत कपाटात आहे. तिचा रंगही उजेडात हलतो, म्हणून दर लॉटला बाहेर काढायची ती पाच मिनिटांपुरतीच.

आता कामाचं. पेटीला मूठ येतेय, नायलॉनची. नायलॉन पीपीपेक्षा जास्त तापमानाला चालतो, तेव्हा आपली नारंगी त्यात जळेल का आणि त्याला वेगळ्या कॅरिअरचा (रंग ज्या प्लास्टिकमध्ये घोळलेला असतो त्याचा) मास्टरबॅच लागेल का, एवढं कळवा. मूठ काळी ठेवा म्हणालात तरी चालेल, मला आता धक्का बसणार नाही. आणि भाच्यासोबत आलेल्या सगळ्या चिपांचं, निळ्याच्या नमुन्याचं बिल अजून आलेलं नाही. ते पाठवा. पाठवलं नाहीत तर पुढच्या गणपतीला तुमच्या ओसरीवर मी रोख मोजून ठेवीन, काकूंच्या हातात.

आपला,
कुडाळचा पेटीवाला