बंड्या, बोट उचलायचं कसं

सोलापूर,
१६ जानेवारी

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज तीनदा वाचला. ऑसू मॅनियात, म्हणजे गाण्याच्या तालावर कीबोर्डच्या की दाबायच्या आपल्या खेळात, मनगट भरून येतं, १६० बीपीएमच्या (मिनिटाला १६० ठोक्यांच्या) वर हात चालत नाही, खेळ सोडू का म्हणतोस. याला दोन ओळींचं उत्तर पुरणार नाही, म्हणून पत्रच लिहायला बसलो.

सोडू नकोस. पण चार दिवस कीबोर्ड कपाटात ठेव, खरंच. बारावीच्या सुट्टीत दुखऱ्या हातानं रोज खेळत राहिलो आणि पुढे दोन महिने मला बाटलीचं झाकण फिरवता येत नव्हतं. बोटांना मुंग्या आल्या किंवा रात्री दुखून जाग आली तर सरळ डॉक्टरकडे जा.

आपण की दाबायला शिकलो, बोट उचलायला शिकलोच नाही. हिशेब कर. १८० बीपीएमच्या स्ट्रीममध्ये, म्हणजे सलग येणाऱ्या नोटांच्या ओळीत, ठोक्याला चार नोट (की दाबायच्या खुणा) धरल्या तर सेकंदाला १२ नोट येतात. चार कीमध्ये सारख्या वाटल्या तर एका बोटाला सेकंदाला तीनच. आत्ता टेबलावर एका बोटानं तीनदा टकटक करून बघ, सहज जमतं की नाही? म्हणजे बोटात वेग आहे. नोट लागल्यावरही ते कीवर दबून राहतं, तिथं घोळ होतो. पुढची नोट येते तेव्हा ते सुटलेलं नसतं, मग आपण जोर लावतो, आणि हात कोपरापर्यंत ताठ होतो. माझ्या कीबोर्डच्या कीखालच्या रेड स्विचला ४५ ग्रॅमच्या आसपास भार पुरतो, की २ मिलिमीटर खाली गेली की नोट लागते. उरलेले २ मिलिमीटर आपण फुकट ठोकत असतो.

हे मला कळलं शेजारच्या अक्कांमुळे. त्या विड्या वळतात, मजुरी हजाराच्या हिशेबानं. एका दुपारी मी त्यांच्या उंबऱ्यावर बसून नुसती त्यांची बोटं बघत होतो. पानात तंबाखू, एक वळसा, टोक मुडपलं, दोरा, झाली. बोट पानाला लागतं आणि लगेच सुटतं. हात दुखत नाही का, विचारलं. म्हणाल्या, "दुखतो की रे. पाठ तर मोडून जाते. पण पान दाबलं तर फाटतं, ते कोण भरून देणार?" घरी येऊन मी त्याच रात्री सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

ऑसू मॅनियात हाफ टाइम लाव. वेग पाऊणपट होतो, १६०चं गाणं १२०वर येतं. स्कोअर बघूच नकोस. फक्त प्रत्येक नोटनंतर बोट वर आलं का, एवढंच बघ. गाणं संपलं की डाव्या हातानं उजव्या कोपराखालचा स्नायू चाचप. दगडासारखा लागला तर त्या दिवसापुरतं बंद. मला पहिला आठवडा दहा मिनिटांच्या वर जमलं नाही, आणि फार चिडचिड झाली. तिसऱ्या आठवड्यात १७० निघालं, हात मऊ होता.

जॅकचं वेगळं आहे. तिथं तेच बोट लागोपाठ पडतं, म्हणून मनगटाला हलू दे, ते टेबलाच्या कडेवर टेकवून दाबू नकोस.

आणि सात कीच्या प्रकारात अनामिका अडते म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. तळहात टेबलावर ठेव, मधलं बोट आत दुमडून घे, आता अनामिका उचल. उठत नाही ना? हाताच्या मागच्या बाजूला या बोटांचे स्नायुबंध एकमेकांना जोडलेले असतात. माझीही उठत नाही. तिला तिच्या वेगानं येऊ दे, बाकीच्या बोटांसोबत ओढू नकोस.

गड्ड्याची जत्रा अजून भरलेली आहे. रविवारी सकाळी ये, तू माझ्या कीबोर्डवर बस, मी नुसता तुझा हात बघतो. संध्याकाळी होम मैदानावर जाऊ. आईनं तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवलीय.

तुझा,
राजा