चिप बदलण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पहिला अॅम्प्लिफायर स्वतःच्या हातांनी उभा केलास, याचा किती आनंद झाला म्हणून सांगू! डाव्या बाजूने नुसती घरघर, उजवीकडे शुकशुकाट आणि हीटसिंकला (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) हात लावायची सोय नाही, हे वाचून तुझा जीव कसा टांगणीला लागला असेल तेही कळलं. पण शेवटी तू लिहिलंयस, "दोन्ही आयसी (चिप) नवे मागवतो आणि बदलून टाकतो." तेवढं मात्र करू नकोस. आधी माप, मग ठरव.

तुझ्या सेटमध्ये दोन्ही बाजूंना आवाज मोठा करणारी एलएम ३८८६ ही चांगली चिवट चिप आहे. आउटपुट शॉर्ट झालं, करंट जास्त गेला, प्रमाणाबाहेर तापली, तर स्वतःला सावरण्याची सोय तिच्या पोटातच केलेली आहे. पहिल्या सेटमध्ये दोष असतो तो बहुतेक वेळा तिच्या आजूबाजूला. कुठे चुकीचा रेझिस्टर, कुठे ड्राय सोल्डर म्हणजे नीट न धरलेला सांधा, आणि सगळ्यात जास्त वेळा ग्राउंडची वायरिंग. तो दोष जागेवरच राहिला तर नवी चिपही अशीच वागणार. शिवाय त्या अकरा पिना उपसताना बोर्डाचे ट्रॅक उखडले, तर आज नसलेलं दुखणं उद्या मागे लागेल.

आता बसशील तेव्हा पहिल्यांदा दोन्ही स्पीकर काढून ठेव. आउटपुटवर नको तो डीसी आला तर बळी स्पीकरचा जातो. ८ ओहमच्या स्पीकरवर २४ व्होल्ट डीसी म्हणजे सलग ७२ वॉट, व्हॉइस कॉइल जळून जायला तेवढं पुरे. मग मेन्सच्या वाटेत सिरीज बल्ब टाक, फिलामेंटचा, ६० वॉटचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. स्विच टाकताच तो क्षणभर भक्कन पेटेल आणि मंद होईल, कारण मोठे कपॅसिटर चार्ज होत असतात. मंद न होता तसाच प्रखर राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, ताबडतोब बंद कर. तशा वेळी आधी हीटसिंक बघ. साध्या पॅकिंगच्या चिपची धातूची पाठ आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते. चिप आणि हीटसिंक यांच्यामधला माइका (वीज अडवणारं पातळ पान) भोक पाडताना राहिलेल्या कणीने फाटला असेल, किंवा स्क्रूखालचं प्लास्टिकचं बुश राहून गेलं असेल, तर सगळा निगेटिव्ह हीटसिंकवर येतो.

मेन्स काढल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेलेच असतात, हे विसरू नकोस. १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर काही सेकंद त्यांना लावून ते रिकामे कर आणि मीटरने खात्री करून घे. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत मला अजिबात पसंत नाही.

मीटर कसा धरायचा तेही सांगतो. काळा प्रोब हातात ठेवूच नकोस. क्रोकोडाइल क्लिपने तो ग्राउंडला अडकव आणि एका हाताने फक्त लाल प्रोब चालव. लाल प्रोबचं टोक चिपच्या पिनेवर कधीही टेकवायचं नाही. तिसरी पिन आउटपुटची, चौथी निगेटिव्ह सप्लायची, अगदी खेटून. टोक जरासं सरकलं की दोन्ही जोडल्या जातात. त्या पिनेला जोडलेल्या रेझिस्टरच्या किंवा कपॅसिटरच्या पायावर माप घे. ट्रॅक तोच, पण तिथे प्रोब टेकवायला जागा असते.

पहिलं माप सप्लायचं. तुझा ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ आहे ना, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्हीकडे १८ व्होल्ट एसी? १८ ला १.४१ ने गुणलं की २५.४, त्यातून डायोडचा जेमतेम व्होल्टभर गेला, पण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर स्वतःच थोडा चढा देतो. म्हणजे ग्राउंडपासून अधिक आणि उणे दोन्हीकडे २५ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत, आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. बल्ब लावलेला असताना थोडे कमी दिसतील, ते चालेल. हे माप दोन्ही बोर्डांवर वेगवेगळं घे. उजव्या बोर्डावर तर नक्कीच, कारण निगेटिव्ह पिनेवर निदान उणे ९ व्होल्ट पोचल्याशिवाय ही चिप आवाज सोडतच नाही. त्या बाजूचा निगेटिव्हचा फ्यूज उडाला असेल तरी तुला असाच शुकशुकाट मिळेल.

सप्लाय ठीक निघाला तर उजवीकडची पुढची जागा म्हणजे आठवी पिन. ही म्यूटची, म्हणजे आवाज बंद ठेवणारी. ती मोकळी सोडली तर आवाज चालू राहील असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात उलट आहे. त्या पिनेतून किमान अर्धा मिलिअँपिअर करंट निगेटिव्ह सप्लायकडे वाहत राहिला तरच म्यूट उठतो. तुझ्या सर्किटमध्ये त्यासाठी २२ किलोओहमचा रेझिस्टर आहे, २५ व्होल्टला त्यातून सुमारे एक मिलिअँपिअर जातो, म्हणजे किंमत बरोबर आहे. पण तो खरोखर जोडला गेलाय का? त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज माप. २२ व्होल्टच्या आसपास दिसले तर म्यूट उठलेला आहे. शून्य दिसला तर त्यातून करंटच जात नाही, मग तो कितीही नीट बसलेला दिसो. तू पाठवलेल्या फोटोत त्याच्या एका पायाभोवतीचा सोल्डर मण्यासारखा गोल आणि मळकट दिसतो. चांगला सोल्डर पायाला आणि पॅडला चिकटून उतरता पसरतो आणि चकाकतो. तिथे थोडा फ्लक्स लावून पुन्हा गरम कर.

आता तापण्याबद्दल. थोडं गरम होणं ठरलेलंच आहे. सिग्नल नसतानाही ही चिप साधारण ५० मिलिअँपिअर घेते. दोन्ही सप्लाय मिळून ५० व्होल्ट, म्हणजे प्रत्येक चिपला अडीच वॉट. तेवढ्याने तुझा हीटसिंक कोमट होईल, हात ठेववणार नाही इतका नाही. कोणती चिप जास्त खाते ते एकाच हीटसिंकवर हाताने कळायचं नाही. म्हणून प्रत्येक बोर्डाच्या पॉझिटिव्ह फ्यूजच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर बसव आणि त्याच्यावरचं व्होल्टेज माप. अर्धा व्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर, सगळं ठीक. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) वरची मर्यादा ८५ दिली आहे, म्हणजे ०.८५ व्होल्टपर्यंत चिंता नको. दोन व्होल्ट आले तर २०० मिलिअँपिअर जातोय, आणि स्पीकर नसताना तो जातोय याचा अर्थ बहुधा एकच: चिप ऑसिलेट होतेय. कानाला ऐकू येणार नाही अशा फ्रीक्वेन्सीवर ती स्वतःशीच ओरडत असते, आणि साध्या मीटरची एसी रेंज इतक्या वर पोचत नाही. ऑसिलोस्कोप मिळाला तर उत्तम, नाहीतर हा १० ओहमचा साक्षीदार पुरेसा आहे.

ऑसिलेशनचं कारण शोधताना पहिला संशय फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणाऱ्या, दोन रेझिस्टरवर घे. या चिपला निदान १० गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) लागतो, त्याखाली ती स्थिर राहत नाही. तुझ्याकडे २० किलो आणि १ किलो आहेत, म्हणजे गेन २१. पण १ किलोवर तपकिरी-काळा-लाल पट्टे असतात आणि १० किलोवर तपकिरी-काळा-नारिंगी. पिवळट दिव्याखाली लाल आणि नारिंगी ओळखणं खरंच कठीण असतं. तिथे १० किलो बसला असेल तर गेन येतो अवघा ३, आणि चिप तापणारच. सप्लाय बंद करून, कपॅसिटर रिकामे करून, रेझिस्टरचा एक पाय सोडव आणि माप. बोर्डावर तसाच मापलास तर शेजारचे भागही त्या मापात घुसतात.

त्यानंतर डिकपलिंग, म्हणजे चिपजवळच सप्लाय स्थिर ठेवणारे छोटे कपॅसिटर. ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर चिपच्या सप्लाय पिनांना जितके चिकटून तितके चांगले. मोठे १०,००० मायक्रोफॅरडचे पलीकडे आहेत म्हणून हे नकोत असं होत नाही, कारण लांब तारेचं इंडक्टन्स मध्ये येतं आणि वरच्या फ्रीक्वेन्सीला तो मोठा कपॅसिटर चिपच्या दृष्टीने नसल्यासारखाच होतो. आउटपुटवरची २.७ ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडीही बघ, आणि इनपुटची तार आउटपुटच्या तारेसोबत बांधली असशील तर सोडव. डेटाशीट नॅशनल सेमिकंडक्टरच्या नावाची असो की टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या, चिप तीच. २०११ मध्ये दुसरीने पहिली विकत घेतली. डेटाशीटमधला बोर्डाच्या मांडणीचा भाग निवांत वाच. सर्किट एका पानात कळतं, मांडणीला वेळ द्यावा लागतो.

एवढं झालं की दोन्ही आउटपुटवरचा डीसी माप. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकरला धोका नाही. जास्त असेल, किंवा आउटपुट थेट एखाद्या सप्लायला जाऊन चिकटलं असेल, तर नववी आणि दहावी पिन यांच्यातला फरक बघ. नववी उलटा इनपुट, दहावी सुलटा. दहावी नववीपेक्षा वर असेल आणि आउटपुट पॉझिटिव्हला चिकटलं असेल, तर चिप तिला सांगितलेलंच काम करतेय. तिला तसं कोण सांगतंय ते शोध: फीडबॅकचा रेझिस्टर सुटलेला असेल, किंवा व्हॉल्यूम पॉटची (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाची) तार तुटून दहाव्या पिनेचा ग्राउंडशी संबंध तुटला असेल. पण सप्लाय पूर्ण आहे, दहावी स्पष्टपणे वर आहे आणि तरीही आउटपुट निगेटिव्हला पडून आहे, तर मात्र चिप गेली. मग खुशाल नवी मागव, मी अडवणार नाही.

राहिली डावीकडची घरघर. या विषयावर मला भरभरून लिहायचं आहे, कारण इथेच लोक कंटाळून सेट कपाटात टाकतात, आणि तुझा सेट कपाटात जाऊ नये अशी माझी फार इच्छा आहे. डीसी नीट आहे याची खात्री झाल्यावर एखादा जुना, गेला तरी हळहळ वाटणार नाही असा स्पीकर लाव आणि बोर्डावरच इनपुट ग्राउंडला शॉर्ट कर. घरघर थांबली तर ती पॉट, इनपुटची तार किंवा बाहेरच्या उपकरणाकडून येतेय. चालूच राहिली तर ती पेटीच्या आतली. व्हॉल्यूम कमी-जास्त करून काही फरक पडत नाही असं तू लिहिलंयस, म्हणून माझा अंदाज आतलीच.

आवाजाचा पोतही कान देऊन ऐक. ५० हर्ट्झच्या मेन्सवर गोल, खोल 'हूं' आला तर तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा किंवा ग्राउंड लूपचा (ग्राउंडच्या तारांच्या बंद वेटोळ्याचा). ट्रान्सफॉर्मर स्क्रू सैल करून फिरवून बघितला, किंवा इनपुटपासून लांब नेला, की तो बदलतो. खरखरीत, धारदार 'घर्र' असेल तर ती १०० हर्ट्झची, रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडच्या) पुढची. तू 'घरघर' लिहिलंयस, म्हणून दुसरीच धरतो.

ती अशी येते. मोठे कपॅसिटर सारखे चार्ज होत नसतात. सेकंदाला १०० वेळा, व्होल्टेजच्या शिखरापाशी, क्षणभर त्यांच्यात करंटचा लोंढा घुसतो, आणि तो सरासरी करंटच्या कित्येक पट असतो. सिग्नल नसतानाही समज एक अँपिअर. आता अर्ध्या चौरस मिलिमीटरची, ३० सेंटिमीटर लांब तांब्याची तार घे. तिचा रेझिस्टन्स साधारण १० मिलिओहम. एक अँपिअर त्यातून गेला की १० मिलिव्होल्ट. ही तार जर सेंटर टॅपपासून (ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून) कपॅसिटरच्या मध्यापर्यंत जात असेल आणि इनपुटचं ग्राउंड तू तिच्याच वाटेवर कुठेतरी जोडलं असशील, तर त्यातला काही भाग चिपला सिग्नल म्हणून मिळतो. सगळा मिळाला तर २१ ने गुणून २१० मिलिव्होल्टची घरघर, अगदी शांत खोलीत दुसऱ्या टोकाला ऐकू येईल अशी. चिप ती इमानाने मोठी करून देते एवढंच.

म्हणून सेंटर टॅपची तार दोन कपॅसिटरच्या जोडणीवर आण आणि तिथेच संपव. त्या जोडणीतून एक आखूड, जाड तुकडा पुढे काढ आणि त्याच्या टोकाला स्टार कर, म्हणजे सगळी ग्राउंड त्या एकाच बिंदूवर आण. पावसाळ्यात पाणी वाहत्या नाल्यातून न घेता बाजूच्या विहिरीतून घ्यावं, तसं हे आहे: लोंढा आपल्या वाटेने जाऊ दे, आपण शांत जागेवरून ग्राउंड घ्यायचं. स्टारपासून प्रत्येकाला स्वतंत्र तार: डाव्या बोर्डाला, उजव्या बोर्डाला, आणि दोन्ही स्पीकरच्या परतीच्या तारांना. स्पीकरची परतीची तार बोर्डाच्या इनपुट ग्राउंडवर कधीच नको. फोटोत डावीकडची तशीच दिसते आहे, उजवीकडची मात्र झाकली गेली आहे. एसीच्या तारा एकमेकींना पिळून पेटीच्या कडेने ने.

एक गोष्ट कितीही मोह झाला तरी करायची नाही. मेन्सचं अर्थिंग काढलं की घरघर थांबते असा सल्ला तुला कोणीतरी देईल. पेटीचं अर्थिंग काढायचं नाही, म्हणजे नाही. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर जीव वाचवणारी तीच एक तार आहे. लूप तोडायचाच असेल तर पेटी थेट अर्थला पक्की जोडलेली ठेव आणि स्टार ग्राउंड पेटीला १० ओहममधून जोड, त्याला समांतर उलटसुलट बांधलेले दोन दणकट डायोड. छोटा करंट रेझिस्टर अडवतो, दोषाच्या वेळचा मोठा करंट डायोडमधून सरळ निघून जातो.

मला एवढे आकडे लिहून पाठव: दोन्ही बोर्डांवरचे अधिक-उणे सप्लाय, दोन्ही १० ओहमवरचं व्होल्टेज, दोन्ही आउटपुटवरचा डीसी, आणि उजव्या बोर्डावरच्या २२ किलोच्या टोकांमधलं व्होल्टेज. शेवटचं आधी माप. तो मळकट सोल्डर माझ्या डोक्यातून जात नाहीये.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक