‘रस्ते बांधले’ म्हणे!

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत डॉमिनिकन रिपब्लिकच्या हुकूमशहावर अर्धं पान लेख आहे. त्याने रस्ते बांधले, १९३० च्या वादळात भुईसपाट झालेली राजधानी उभी केली (आणि तिला स्वतःचंच नाव दिलं), परकीय कर्ज फेडलं, शिस्त आणली. असेल. पण १९३७ च्या हैतीयन लोकांच्या कत्तलीला दीड ओळ, आणि तीही ‘सीमेवरील दुर्दैवी घटना’ अशी? एवढं जपून तर आपण पाणीकपातीबद्दलही लिहीत नाही.

त्यातून नाव छापलंय ‘ट्रुजिलो’. अहो, ते त्रुहियो. ही म्हाताऱ्याची किरकिर समजू नका. त्या ऑक्टोबरात त्याचे सैनिक हैतीच्या सीमेलगत माणसांसमोर पार्सलीची (कोथिंबिरीसारख्या पाल्याची) काडी धरून ‘हे काय?’ असं विचारत, असं सांगतात. उत्तर ‘पेरेहिल’, पार्सलीचं स्पॅनिश नाव. त्यातला र आणि घशातला ह हैतीची क्रिओल बोलणाऱ्याच्या जिभेवर नीट वळत नसे. नाही वळला की कोयता. बंदुका फारशा वापरल्या नाहीत, कारण हे गावकऱ्यांनीच केलं असं भासवायचं होतं. मेलेल्यांचे अंदाज काही हजारांपासून २० हजारांच्याही वर जातात. भरपाई ठरली साडेसात लाख डॉलर, पुढे तीही घासाघीस करून सव्वापाच लाखांवर आली. ‘पेरेहिल’ आणि ‘त्रुहियो’ यांतलं ते ह-वालं अक्षर एकच. म्हणजे आपल्या लेखकाची त्या काडीपुढे काय गत झाली असती, बघा.

मी अकोल्याकडचा. आठवीत वडिलांची बदली झाली म्हणून पुण्याच्या एका शाळेत आलो. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीनंतर गुरुजींनी माझ्या डब्यातलं केळं वर धरलं आणि विचारलं, “हे काय रे?” मी म्हणालो, “केयं.” वर्ग फुटला. मग रोज तेच. पाणी म्हण, लोणी म्हण, केळं म्हण. जीव गेला नाही माझा, तुलना करायची तर लाज वाटेल. पण वस्तू समोर धरून माणसाची जीभ तपासणारा हात कसा दिसतो, ते मी पाहिलंय. वर्षभर मी डब्यात केळं नेलं नाही. आईला कारण आजतागायत सांगितलं नाही, आता ती नाही.

त्रुहियोला उघड विरोध करणाऱ्या मिराबाल भगिनींचा तर लेखात पत्ताच नाही. दोघींचे नवरे तुरुंगात, त्यांना भेटून तिघी परतत असताना २५ नोव्हेंबर १९६० ला त्यांना चालकासकट ठार मारून गाडी कड्यावरून लोटली आणि अपघात झाला म्हणून सांगितलं. दरवर्षी २५ नोव्हेंबरला आपण महिलांवरील हिंसाचाराच्या विरोधातल्या दिनाची रंगीत चौकट छापता ना? ती तारीख त्यांच्यावरूनच आली आहे. पुढच्या मे महिन्यात त्रुहियोला गाडीतच गोळ्या घातल्या गेल्या, ते मात्र लेखात अगदी चवीने आलंय.

लेखकमहाशयांना माझा नमस्कार सांगावा. रस्त्यांबद्दल त्यांना एवढं प्रेम असेल तर आमच्या गल्लीत एकदा येऊन जावं.

आपला,
३१ वर्षांचा वर्गणीदार, पुणे

ता. क. – शब्दकोड्याची उत्तरं गेले तीन रविवार आलेली नाहीत. उभा ११ अजून अडला आहे.